कुत्र्याला घेऊन इंदूरहून विमानानं जायचंय? मग तिकीट सगळ्यात शेवटी काढा

पुण्या-मुंबईला किंवा दिल्लीला कुत्रं विमानानं न्यायचं म्हटलं की आपले लोक आधी सेलमधलं स्वस्त तिकीट काढून मोकळे होतात आणि मग फोन फिरवतात, "अरे त्या डॉगीचं कसं करायचं रे आता?" इथंच सगळं फसतं. आपल्या इंदूरच्या विमानतळावरून सगळ्यात जास्त फ्लाइट इंडिगोच्या, आणि इंडिगो पाळीव कुत्रं घेतच नाही, फक्त सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेलं कुत्रं, चालतो. म्हणजे बरेचसे पर्याय तिथंच बाद. एअर इंडिया घेते. अकासा एअरनं 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा केबिनमध्ये 7 किलोपर्यंत चालायचं, नंतर ते 10 केलं, पण त्याचा उपयोग मुंबईहून पुढं जाणाऱ्यांना जास्त. हे नियम बदलत राहतात, शिवाय एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, म्हणून आधी कॉल सेंटरला फोन, मग कुत्र्याची जागा ईमेलवर कन्फर्म, मग तिकीट, याच क्रमानं चला. फोनवरचं "हो हो हो जाएगा सर" काउंटरवर कोणी मानत नाही.

वजन पिशवीसकट मोजतात हे लक्षात असू द्या. साडेआठ किलोचा बीगल आणि दोन किलोची कॅरिअर बॅग म्हणजे झालं, 10 च्या वर गेलं. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग कुत्र्याला बॅगेसकट उचलून उभं राहा आणि वजाबाकी करा. केबिनमध्ये बसलं नाही तर खाली होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, तिथं बऱ्याच ठिकाणी क्रेटसकट (क्रेट म्हणजे प्रवासाचा पिंजरा) 32 किलोची मर्यादा असते आणि आपल्याकडचे तुपात वाढलेले लॅब्राडोर तीही ओलांडतात, मग कार्गोनं पाठवावं लागतं, त्याचं बुकिंग वेगळं.

आता होल्डबद्दल. घरातल्या आजीपासून सगळ्यांना वाटतं की खाली हवा नसते, थंडीनं गारठेल. तसं नसतं, ज्या होल्डमध्ये जनावर ठेवतात तिथं केबिनसारखाच दाब असतो आणि तापमानही सांभाळतात. खरा धोका जमिनीवर आहे. विमानात चढवण्याआधी क्रेट ट्रॉलीवर उन्हात किती वेळ उभा राहतो आणि उतरल्यावर किती वेळ, यावर सगळं अवलंबून. मे महिन्यात इंदूरला दुपारी 40 च्या वर पारा जातो, खालचं काँक्रीट त्याहून जास्त तापतं, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो. त्यामुळे मार्च ते जून दुपारची फ्लाइट घ्यायचीच नाही, भले तिकीट फुकट मिळो. पहाटेची किंवा रात्रीची घ्या, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्यातली गार रात्र, उगाच प्रसिद्ध नाही. आणि डायरेक्टच घ्या, मध्ये विमान बदलायचं म्हणजे डांबरावर उभं राहण्याची वेळ दुप्पट.

पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू, पर्शियन मांजरं सुद्धा, अशी चपट्या नाकाची मंडळी असतील तर नीट ऐका. यांची श्वासनलिकाच अरुंद, जरा गरमी किंवा घाबरणं झालं की श्वास पुरत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं 2010 मध्ये आकडे जाहीर केले, पाच वर्षांत विमान प्रवासात 122 कुत्री दगावली आणि त्यात जवळपास निम्मी चपट्या नाकाच्या जातींची. म्हणून कित्येक एअरलाइन यांना होल्डमध्ये घेतच नाहीत. तुमचा पग केबिनमध्ये बसत नसेल तर माझं स्पष्ट मत, विमानाचा हट्ट सोडा.

आणि ती झोपेची गोळी! "डॉक्टर, एक गोळी द्या म्हणजे झोपून राहील" हे प्रत्येकजण विचारतो आणि एखादा मेडिकलवाला देऊनही टाकतो. नाही द्यायची. गुंगीच्या औषधानं रक्तदाब पडतो, अंगाचं तापमान सांभाळण्याची ताकद जाते, क्रेट हलला की तोल सावरता येत नाही, आणि वर आकाशात काही झालं तर बघायला कोणी नाही. गुंगीतलं कुत्रं काउंटरवर कळलं तर परतही पाठवतात. उलटीचं औषध ही वेगळी गोष्ट, ते आपल्या व्हेटला विचारून घ्या.

गोळीच्या ऐवजी क्रेटची सवय, आणि याला निदान महिना तरी द्या. क्रेट आणला की दार काढून हॉलमध्ये ठेवा, आत त्याची रोजची चादर, जेवण आतच. आठवडाभरानं दार लावा, आधी तो खाईपर्यंत, मग अर्धा तास, मग तुम्ही भाजी आणायला जाऊन येईपर्यंत. रडला म्हणून लगेच उघडायचं नाही, गप्प झाल्यावर उघडायचं. मग गाडीत क्रेट ठेवून सुपर कॉरिडॉरवर चक्कर. आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, आहे ना, बबली, तिला फटाक्यांचा इतका धसका की दिवाळीत पलंगाखालून निघत नाही, तिला आम्ही संध्याकाळी बिजासन टेकरीवर नेत होतो, रनवे अगदी खाली, विमान डोक्यावरून गेलं की पहिल्यांदा कान पाडून थरथरायची, मग पनीरचा तुकडा, पुढचं विमान, पुन्हा तुकडा, असं करत करत नंतर आवाज आला की ती माझ्या खिशाकडे बघायला लागली. आपल्या शहरात हे फुकटात मिळतं तर वापरा.

क्रेटचं माप दुकानदाराच्या "मीडियम-लार्ज"वर सोडू नका. कुत्र्याला सरळ उभं करून टेप घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्धं मिळवा, ही क्रेटची आतली लांबी. खांद्यांची रुंदी गुणिले दोन ही रुंदी. डोकं किंवा कानाचं टोक, जे वर असेल तिथपर्यंतची उंची, अधिक गादीची जाडी. म्हणजे कुत्रं 70 सेंटीमीटर आणि कोपर 30 वर असेल तर आतून 85 लांब हवा. चपट्या नाकाच्यांना याहून 10 टक्के मोठा. हे आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, नियम आहेत, जगभर तेच धरतात. दोन्ही अर्धे भाग प्लॅस्टिकच्या क्लिपनं जोडलेले असतील तर क्लिप काढून धातूचे नट-बोल्ट लावा, सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. दाराच्या चारही कोपऱ्यांना झिप टाय, आणि जास्तीचे दोन-चार क्रेटला टेपनं चिकटवून ठेवा, कारण सिक्युरिटीत दार उघडायला लावलं की पहिले कापले जातात आणि ऐनवेळी तिथं कोणाकडेच नसतात. चाकं असतील तर काढा. पाण्याची वाटी दाराला आतून अशी लावा की बाहेरून भरता येईल, आदल्या रात्री तिच्यात पाणी घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बर्फ हळूहळू वितळतो, सांडत नाही.

कागदपत्रं त्यामानानं सोपी. रेबीजची लस एक वर्षाच्या आतली आणि प्रवासाच्या निदान 30 दिवस आधीची, लसीचं कार्ड आणि व्हेटचं फिट-टू-फ्लाय, म्हणजे प्रवासाला तब्येत ठीक असल्याचं, सर्टिफिकेट. ते किती दिवस चालतं हे एअरलाइन सांगते, फार आधी काढू नका. कुत्रं म्हातारं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर सर्टिफिकेटच्या आधी नीट तपासणी करून घ्या, महूला व्हेटर्नरी कॉलेज आहेच. गाभण कुत्रीला आणि दूध पिणाऱ्या पिल्लांना नेऊच नये.

निघायच्या दिवशी हलकं जेवण चार-सहा तास आधी, पाणी थोडं थोडं चालू. पोहे-जिलबी आपण खायची, त्याला नाही! टर्मिनलच्या बाहेरच भरपूर फिरवून शी-सू उरकून घ्या. गळ्यात साधा पट्टा आणि फोन नंबरचा बिल्ला, चोक चेन किंवा तोंडाची जाळी क्रेटमध्ये अजिबात नको, अडकते. त्या दिवशीचा कुत्र्याचा आणि क्रेटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सिक्युरिटीत रिकामी बॅग एक्सरेतून जाते आणि कुत्रं तुमच्या हातात, म्हणून हार्नेस घातलेलाच हवा, त्या एक्सरे मशीनच्या खडखडाटात भलं शांत कुत्रंही हातातून उडी मारतं. होल्डमध्ये दिलं असेल तर विमानात बसल्यावर एअर होस्टेसला सांगा की ताई खाली आमचं कुत्रं आहे, चढलं का बघता का. होल्डमध्ये जनावर आहे हे कॅप्टनला कागदावर कळवलेलंच असतं, पण विचारून घेतलेलं बरं.

उतरल्यावर क्रेट उघड्यावर उघडायचा नाही, गाडीत किंवा बंद खोलीत, आधी पट्टा मग दार. थोडं थोडं पाणी द्या. धापा थांबत नाहीत, हिरड्या गडद लाल, लाळ गळतेय, पाय लटपटतायत असं दिसलं तर तो उष्माघात, पोटावर-मांड्यांवर नळाचं साधं पाणी, पंखा लावा आणि तडक डॉक्टर.

विमान जमतच नसेल तर रेल्वेत फर्स्ट एसीचं अख्खं कूपे बुक केलं की कुत्रं सोबत नेता येतं, पार्सल ऑफिसात त्याची वेगळी पावती करायची. इंदूर-मुंबई अवंतिका एक्स्प्रेसला फर्स्ट एसी आहे, मुंबईसाठी मोठ्या लॅबला मला तर तेच बरं वाटतं. सेकंड आणि थर्ड एसीत चालत नाही, टीसीशी हुज्जत घालू नका.

मुलगा जर्मनीला आहे, कुत्रं तिकडे न्यायचंय, असं असेल तर सहा महिने आधी लागा. आधी कातडीखाली बसवायची 15 आकडी मायक्रोचिप, मग रेबीज लस, 30 दिवसांनी रक्त तपासणी, त्यात रेबीजविरुद्धची अँटिबॉडी 0.5 IU/ml किंवा वर, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. ब्रिटनला तर कुत्रं कार्गोनंच उतरवावं लागतं. अमेरिकेनं 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केलेत, सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लू घेत नाहीत. देशाबाहेर नेताना प्राण्यांच्या क्वारंटाइन खात्याचं सर्टिफिकेट मुंबई-दिल्लीसारख्या शहरातून काढावं लागतं, त्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा. आणि लस चिपच्या आधी टोचली असेल तर ती धरत नाहीत, पुन्हा टोचून 30 दिवस परत पहिल्यापासून मोजायचे.