श्रद्धेवरच्या वादग्रस्त चित्रपटाला उत्तर कसे द्यावे

प्रभू येशूविषयी एखादा खळबळजनक चित्रपट किंवा मालिका येते आहे असे कळले, की आपल्या ख्रिस्ती समाजात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, मोर्चा काढा आणि बंदीची मागणी करा. दुसरा म्हणतो, सिनेमाच आहे तो, दुर्लक्ष करा. अशा कलाकृतींवर धर्मग्रामातल्या (म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीतल्या) तरुणांबरोबर आणि त्यांच्या इतरधर्मीय मित्रांबरोबर मी बरीच चर्चासत्रे घेतली आहेत, आणि या दोन्ही सल्ल्यांचा मला आता वीट आला आहे. पहिल्याने चित्रपटाची फुकटात जाहिरात होते आणि दुसऱ्याने घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मनातला प्रश्न तिथेच कुजत राहतो. मी जी पद्धत वापरतो ती २००६ च्या ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाच्या उदाहरणाने सांगतो. येशूचे त्याची शिष्या मग्दालीया मरिया हिच्याशी लग्न झाले होते आणि चर्चने ते दडवले, अशी त्याची कथा आहे. हेच उदाहरण घेतो, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक दाव्याची छाननी आजवर होऊन गेली आहे.

बंदीचा विषय आधी निकालात काढा

त्या वेळी भारतात सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले आणि कथा काल्पनिक असल्याची सूचना दाखवायला लावली. तरीही आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या सरकारांनी प्रदर्शन रोखले, आणि दोन्ही ठिकाणी उच्च न्यायालयांनी ती मनाई रद्द केली. कथेत खुनी संन्यासी दाखवून ज्या ओपस देई या कॅथलिक संस्थेची सर्वांत जास्त बदनामी झाली, तिने मात्र बहिष्काराची हाक दिली नाही; काल्पनिकतेची सूचना असावी अशी विनंती केली आणि चौकशी करणाऱ्यांना आपल्या कामाची माहिती देत राहिली. (त्या संस्थेत मुळात संन्यासी नसतातच, हे सांगायची संधी तिला चित्रपटानेच दिली.) सूचनेची मागणी रास्त आहे, ती लेखी आणि सभ्य शब्दांत करावी. त्यापलीकडे शक्ती घालवू नये.

पाहा आणि दावे लिहून काढा

स्वतः न पाहिलेल्या चित्रपटावर बोलू नका. पाहताना कागदावर तीन रकाने करा: तपासता येतील असे दावे, निव्वळ कल्पना, आणि आपल्याला बोचलेली पण खरी असलेली गोष्ट.

पहिला रकाना सर्वांत सोपा. मूळ कादंबरीच्या आरंभीच्या पानावर ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरोखर अस्तित्वात असल्याचे सांगितले आहे. प्रत्यक्षात त्या नावाची संस्था पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये नोंदवली आणि तिचा प्राचीन इतिहास सांगणारी कागदपत्रे बनावट होती. कादंबरी मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांना शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथांच्या, पंक्तीत बसवते, पण त्या गुंडाळ्यांमध्ये एकही शुभवर्तमान नाही. अशा गोष्टी तासाभरात तपासून होतात. दुसऱ्या रकान्याशी वाद घालू नये, कारण कल्पना करण्याचा हक्क कथाकाराला असतोच.

अवघड टप्पा: खरे ते आधी कबूल करणे

बहुतेक चर्चा बिनसतात त्या तिसऱ्या रकान्यापाशी. मलाही हा टप्पा जड गेला आणि आजही जातो, कारण दुखावलेल्या माणसाला विरोधकाची एकही गोष्ट मान्य करवत नाही. मान्य केले तर आपल्याच लोकांना पडते घेतल्यासारखे वाटते, आणि सभागृहातल्या पहिल्या रांगेतले ज्येष्ठ अस्वस्थ होतात. तरीही माझे मत ठाम आहे: चित्रपटात जे खरे आहे ते तुम्ही स्वतः, सर्वांत आधी आणि पूर्ण सांगा. श्रोता जे खरे असल्याचे कुठेतरी वाचून आला आहे ते तुम्ही लपवलेत, तर तुमच्या पुढच्या दहा अचूक उत्तरांवरही तो विश्वास ठेवणार नाही.

मग्दालीया मरियेचेच उदाहरण घ्या. चर्चने या स्त्रीवर वेश्येचा शिक्का मारला, अशी त्या कथेची तक्रार आहे, आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली निनावी पापी स्त्री, बेथानीची मरिया आणि मग्दालीया मरिया या तिघी एकच असल्याचे सांगितले, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये, चित्रांमध्ये, प्रवचनांमध्ये ती समजूत शतकानुशतके रुजली. बायबलच्या नव्या करारात मग्दालीयेला कुठेही वेश्या म्हटलेले नाही. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये दिनदर्शिका सुधारताना ही गल्लत सोडून दिली, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिचा २२ जुलैचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या दर्जाला नेला. हे सगळे न चाचरता सांगा आणि तिथे थांबा. त्याच वाक्यात ‘पण’ जोडू नका. कबुलीला चिकटून आलेला ‘पण’ कबुली गिळून टाकतो, आणि समोरच्याला फक्त बचाव ऐकू येतो.

मग एखाद्या तरुणीला लूकच्या आठव्या अध्यायाची पहिली तीन वचने मोठ्याने वाचायला सांगा: मग्दालीया मरिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि इतर पुष्कळ जणी आपल्या पैशाअडक्यातून येशूची आणि शिष्यांची सोय पाहत होत्या. त्यानंतर योहानाच्या विसाव्या अध्यायातला बागेतला प्रसंग वाचा, जिथे पुनरुत्थित प्रभू आधी मग्दालीयेलाच भेटतो आणि निरोप घेऊन पाठवतो. लग्नाच्या दाव्यावर बोलायची वेळ यानंतर येते. त्या दाव्याचा मोठा आधार म्हणजे १९४५ मध्ये ईजिप्तमधल्या नाग हम्मादी येथे सापडलेले फिलिपच्या नावाचे, बायबलमध्ये नसलेले शुभवर्तमान. येशू मरियेचे चुंबन घेत असे, असे ज्या ओळीत येते तिथेच पपायरस फाटलेला आहे, आणि ‘ओठांवर’ हा शब्द अभ्यासकांनी अंदाजाने भरलेला आहे. त्या हस्तलिखिताचे छायाचित्र मिळाले तर ते भोक लोकांना दाखवा. माझ्या अनुभवात अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या बाबतीतही हाच क्रम ठेवा. ३२५ ची नायसियाची बिशपांची परिषद सम्राटाने बोलावली, तिच्यावर राजसत्तेची छाया होती आणि येशू पित्याच्या बरोबरीचा देव नाही असे शिकवणाऱ्या एरियसला हद्दपारी भोगावी लागली, हे आधी सांगून टाका. मग सांगा, की येशूचे देवत्व तिथे निसटत्या मतांनी ठरले हा दावा टिकत नाही: जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही नाकारणारे दोघेच निघाले. शिवाय त्याच्या दोनशे वर्षे आधी, साधारण ११२ मध्ये, रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी आपला कुणी नव्हता, उलट आपल्या लोकांना शिक्षा देणारा होता. म्हणून त्याची साक्ष मोलाची.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास उठतो आणि म्हणतो, ‘दुसऱ्या धर्माबद्दल असा चित्रपट काढून दाखवा म्हणावं!’ त्याला तिथेच थांबवा, मग तो धर्मग्राम समितीचा पदाधिकारी का असेना. त्या वाक्याने सभेतला इतरधर्मीय पाहुणा दुखावतो, आणि आपल्याला शांतपणे बोलण्यापेक्षा धाक बसवणे जास्त आवडले असते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

सभा आणि पत्र

सभा शक्यतो चर्चच्या आवाराबाहेरच्या सभागृहात घ्या, प्रश्न चिठ्ठीवर मागवा आणि उत्तराला पाच मिनिटांची मर्यादा ठेवा. फादर किंवा पाळक हजर असावेत, पण सूत्रसंचालन त्यांच्याकडे नको. त्यांच्या तोंडावर लोक खरे प्रश्न विचारत नाहीत. वर्तमानपत्राला पत्र लिहायचे असेल तर एकच दावा घ्या, तो दोनशे शब्दांत खोडा, आणि ‘भावना दुखावल्या’ हे शब्द टाळा. ते वाचून संपादकाला बातमी मिळते, वाचकाला माहिती मिळत नाही.

उत्तर येत नसलेला प्रश्न निघाला तर ‘आत्ता सांगता येत नाही’ असे म्हणून तो सर्वांसमोर वहीत लिहून घ्या, विचारणाऱ्याचा फोन नंबर घ्या आणि पुढच्या रविवारच्या आत, उत्तर अर्धवट असले तरी, फोन करा.