तुलुमची एका दिवसाची सहल : आरक्षण करतानाच या चुका टाळा

मेक्सिकोतल्या कॅनकूनला सुट्टीसाठी आलेली, विशेषतः अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे एक दिवस राखून तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष पाहायला जातात. अंतर सुमारे 130 किलोमीटर असते, दहा-बारा जणांची व्हॅन हॉटेलवरून घेऊन जाते आणि गाइड सोबत असतो, त्यामुळे आपल्याला फक्त गाडीत बसायचे आहे अशी समजूत होते. सहल फसते ती मात्र बहुधा त्याआधीच, आरक्षणाच्या वेळी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ठिकाणे मोजून सहल निवडणे. तुलुम, तिथून सुमारे 45 किलोमीटर आत जंगलात असलेले कोबा हे दुसरे माया शहर, सेनोटेमधली (म्हणजे चुनखडीतल्या नैसर्गिक जलकुंडातली) डुबकी आणि जेवण असे सगळे एकाच दिवसात कोंबले की तुलुमच्या वाट्याला जेमतेम तास-दीड तास येतो, आणि त्यातलाही बराचसा वेळ तिकिटाच्या रांगेत आणि गाडीतळापासून अवशेषांभोवतीच्या तटबंदीपर्यंत चालण्यात जातो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत : तटाच्या आत प्रत्यक्ष किती वेळ मिळेल आणि आपण प्रवेशद्वारावर किती वाजता पोहोचू? अवशेष सकाळी 8 वाजता उघडतात. हॉटेलवरून साडेनऊला निघणारी सहल ऐन गर्दीत आणि ऐन उन्हात पोहोचते. आपला गट छोटा आहे याचा तिथे काही उपयोग होत नाही.

दुसरी गफलत नावामुळे होते. तुलुमच्या मुख्य वास्तूला एल कास्तियो म्हणतात आणि चिचेन इत्सा या माया शहरातल्या जगप्रसिद्ध पिरॅमिडचेही स्पॅनिश नाव तेच आहे. तो पिरॅमिड सुमारे 30 मीटर उंच आहे, तर तुलुमची वास्तू त्याच्यापुढे अगदीच बुटकी दिसते आणि तिच्यावर चढण्याची परवानगीही नाही. आपल्या डोक्यात सिंधुदुर्ग-विजयदुर्ग असतील, तर इथला तटही किरकोळ वाटेल. पण तुलुम हे 13व्या ते 15व्या शतकांत भरभराटीला आलेले व्यापारी बंदर होते. तीन बाजूंना तट, चौथ्या बाजूला सुमारे 12 मीटर उंचीचा कडा आणि खाली कॅरिबियन समुद्र अशी त्याची रचना आहे. इथे उंची शोधू नये, बारकावे शोधावेत. भित्तिचित्रांच्या मंदिराच्या कोपऱ्यासमोर तिरके उभे राहिले की दोन्ही भिंतींवर मिळून घडवलेला एक मोठा चेहरा दिसू लागतो. समोरून पाहणाऱ्याला तो अर्धाच दिसतो. उतरत्या देवाच्या मंदिरात दारावरच्या कोनाड्यात पाय वर आणि डोके खाली केलेली मूर्ती आहे, आणि त्या मंदिराच्या भिंती मुळातच कललेल्या आहेत. गाइड घाईत पुढे निघाला, तर या दोन ठिकाणी थांबण्याची विनंती निःसंकोच करावी. छोट्या गटाचे जास्तीचे पैसे आपण त्यासाठीच मोजलेले असतात.

छायाचित्रांबाबत एक तडजोड स्वीकारावी लागते. समुद्र पूर्वेला असल्यामुळे सकाळी एल कास्तियोची जमिनीकडची बाजू सावलीत राहते आणि दुपारनंतर ती उजळते. तरीही सकाळच निवडावी, असे माझे मत आहे, कारण तटाच्या आत सावली फारशी नाही आणि हे ठिकाण साधारण नाशिकच्याच अक्षांशावर आहे.

गाडी चुकण्याचे एक कारण घड्याळातही दडलेले असते. कॅनकून आणि तुलुम ज्या राज्यात आहेत त्या किंताना रू राज्यात 2015 पासून वर्षभर एकच वेळ पाळली जाते. हिवाळ्यात ती न्यूयॉर्कशी जुळते, उन्हाळ्यात शिकागोशी. त्यामुळे फोनवर विसंबून न राहता आदल्या रात्री हॉटेलच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहावी.

‘सर्व समाविष्ट’ या शब्दांवरही विसंबू नये. अवशेष आता हग्वार उद्यानाच्या हद्दीत आहेत, आणि पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाखेरीज उद्यानाचे व संरक्षित क्षेत्राचे शुल्क वेगळे आकारले जाते. यांपैकी नेमके कोणते शुल्क भरलेले आहे ते विचारून घ्यावे आणि जवळ रोख पेसो ठेवावेत.

पुढे सेनोटे असेल तर सकाळी अंगभर सनस्क्रीन चोपडणे व्यर्थ ठरते, कारण पाण्यात उतरण्यापूर्वी ते धुऊन टाकायला लावतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि टोपी अधिक उपयोगी पडते. कड्याखालच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या भरवशावरही सहल ठरवू नये. तो जिना अनेकदा बंद असतो आणि उन्हाळ्यात सारगासम शेवाळाचे ढीग किनाऱ्याला लागतात.

शाकाहारी मंडळींची अडचण जेवणाच्या वेळी उघड होते. नुसते ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटले तर पुष्कळदा लाल मांस नको एवढाच अर्थ घेतला जातो आणि ताटात कोंबडी येते. मांस, कोंबडी, मासे यांची नावे एकेक करून आदल्या दिवशीच कळवावीत. घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत, म्हणजे मांतेकात परतलेली असू शकते आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. विचारल्यावर उत्तर डळमळीत आले, तर ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) आणि मक्याच्या तोर्तिया (पातळ पोळ्या) यांवर दुपार भागवावी.