वरच्या आरपीएमवरचं मिसिंग शोधायला बसण्याआधी

पॉइंट-कंडेन्सरवाली जुनी गाडी (पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलचा करंट तुटून ठिणगी पडते, कंडेन्सर पॉइंटांना जळण्यापासून वाचवतो) खालच्या आरपीएमवर गोड चालते आणि रेस वाढली की मिस होते, म्हणजे मधूनच पेट न घेता झटके मारते, हे दुखणं शोधायला बसणार असाल तर आधी तयारी करा. मी तयारी न करता बसलो आणि तीन आठवडे घालवले. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला, आणि साडेतीन हजारांच्या वर झटके तसेच. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात आणि जो एकेका प्लगला ठिणगी वाटतो त्याच्या, आतल्या बोटभर वायरमध्ये. ती पकडायला लागते हातभर रबरी नळी, आणि तीच मी जवळ ठेवली नव्हती.

म्हणून पहिली नळी. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या डबीच्या (इंजिनच्या ओढीने पॉइंटची प्लेट सरकवून ठिणगी लवकर पाडणारी, डिस्ट्रिब्युटरला लावलेली डबी) तोंडावर घट्ट बसेल अशी, नवी. गाडीवरचीच काढून वापरू नका. तिच्यात पेट्रोलची वाफ असते आणि ही तोंडाने ओढायची आहे.

पाने, स्क्रूड्रायव्हर, फीलर गेज असणारच. मल्टिमीटर शक्यतो काट्याचा घ्या, कारण क्षणभर तुटणारा जोड आकड्यांच्या मीटरवर निसटून जातो. काटा मात्र उडतो. क्लिपवाला टायमिंग लाइट, म्हणजे वायरमधून ठिणगी गेली की लुकलुकणारा दिवा, हवाच. ड्वेल, म्हणजे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते, मोजणारा ड्वेल मीटर मिळाला तर फार बरं. अग्निशामक हाताच्या अंतरावर, डिकीत नको. बाह्या वर, गळ्यात काही नको, पंखा समोरच फिरत असतो.

मग वही. पाना हातात घेण्याआधी लिहा: कितव्या आरपीएमला मिस होते, उभ्या गाडीत रेस दिल्यावरही होते की फक्त चढावर, पेडल अर्धं असताना की पूर्ण, थंड असताना की गरम. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी काही सेकंद ओढते आणि मग हळूहळू मरगळते. करंट तुटत असेल तर धक्का एकदम आणि तुटक बसतो. माझी गाडी अर्ध्या पेडलवर झटके मारायची आणि पेडल पूर्ण दाबलं की सरळ व्हायची. हे दिसत होतं, पण मी लिहिलं नाही, म्हणून त्यावर विचारही केला नाही. पेडल पूर्ण दाबलं की व्हॅक्यूम पडतो, डबी आतली प्लेट सोडून देते आणि तुटलेली वायर पुन्हा टेकते. लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

सुटे भाग: कंडेन्सर, रोटर (डिस्ट्रिब्युटरमधलं ठिणगी वाटणारं फिरतं बोट), कॅप (त्याचं झाकण), प्लगचा संच. खोक्यातून काढलेला कोरा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, असं धरू नका. चालत्या गाडीवर वापरून पाहिलेला, खात्रीचा एक बाजूला ठेवा. एका वेळी एकच भाग बदला, चालवून पाहा, लिहा. चार एकदम बदलले की काय बरं झालं आणि काय नव्याने बिघडलं, काही कळत नाही.

पॉइंटची गॅप, म्हणजे उघडल्यावर दोन पॉइंटांमधलं अंतर, आधी फीलर गेजने का तपासायची, ते आकड्यांतच पाहा. चार सिलिंडरचं इंजिन 6000 आरपीएमवर असतं तेव्हा डिस्ट्रिब्युटर 3000 वर फिरतो आणि सेकंदाला 200 ठिणग्या लागतात. एकीच्या वाट्याला 5 मिलिसेकंद. ड्वेल एका सिलिंडरच्या वाट्याच्या 90 पैकी 60 अंश धरला तर कॉइल भरायला त्यातले साधारण 3.3 उरतात. गॅप मोठी असली की हा वेळ आणखी घटतो. खाली चालून जातं, वर ठिणगी मरते. पॉइंटची स्प्रिंग ढिली असेल तर पॉइंट उसळतात, परिणाम तोच. आयडलपासून 3000 पर्यंत ड्वेल दोन-तीन अंशांहून जास्त सरकला तर शाफ्टचं बुश झिजलंय का बघा.

आता नळी. घेतली ना? बॅटरीची निगेटिव्ह काढा, कॅप आणि रोटर काढा. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागेच्या मधोमध आणा. मधोमधच, नाहीतर प्लेट सरकल्यावर पॉइंट आपोआप उघडतील आणि तुम्ही वायरला दोष द्याल. डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलवरून सोडवा, मीटर ओहमवर ठेवून तिचं टोक आणि ब्लॉक यांत लावा. काटा शून्याशी हवा. डबीवरची मूळ नळी काढून नवी चढवा, ओढा, जिभेने तोंड बंद करून धरा, पुन्हा सोडा. काटा उडाला तर आतली वायर किंवा प्लेटची अर्थिंगची वेणी तुटलेली आहे. माझ्या वायरचं वरचं आवरण अगदी शाबूत होतं, पण चिमटीत धरून ओढलं तर रबरासारखं लांबलं. आत तांब्याचे काळे पडलेले केस तेवढे होते. बदलताना बारीक तारांची लवचीक वायरच घाला, साधी जाड वायर वाकून वाकून पुन्हा तुटते. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी ही नळीची परीक्षा. कॉइल बदलण्याआधीही नळीच.

टायमिंग लाइटची क्लिप एकेका प्लगच्या वायरवर लावून रेस द्या. एकाच वायरवर उजेड चुकला तर प्लग, वायर किंवा कॅप. कॉइलच्या मधल्या वायरवरही चुकला तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, किंवा पुन्हा तीच आतली वायर. उजेड एकसारखा आणि इंजिन तरी मिस, तर पेट्रोलकडे किंवा व्हॉल्व्हकडे वळा.

पेट्रोल: फिल्टर नवा, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी, पंपाचा दाब, कार्बोरेटरचा मेन जेट. झटके सुरू होताच थांबून टाकीचं झाकण उघडा; हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं छिद्र बुजलंय. झाकण सोडून बाकीची उघडझाप इंजिन थंड झाल्यावर, ठिणगीपासून लांब.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजताना: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉइल सोडवलेली. व्हॉल्व्ह स्प्रिंग थकल्या असतील तर लोड असो-नसो, ठरावीक आरपीएमलाच अडकते. उभ्या गाडीत फार वेळ रेस धरू नका.

रस्त्यावर दोघं जा, मोकळा रस्ता, प्लगपाना, हातमोजे. प्लगचा रंग बघायला धावत्या गाडीत इग्निशन बंद करणार असाल तर स्टिअरिंग लॉक होईल इतकी किल्ली फिरवू नका. निघण्याआधी व्हॅक्यूमची मूळ नळी परत चढवली का पाहा, ती लोंबकळत राहिली तर हवा ओढून इंजिन नव्याने मिस व्हायला लागेल.