पोटाचं डायलिसिस घरी करताय? या चुका टाळा

पहिले तीन महिने कुणी चुकत नाही. मास्क, दार बंद, घड्याळ बघून हात धुणं, सगळं पोथी वाचल्यासारखं. चौथ्या महिन्यात हात बसतो आणि घोळ सुरू होतो. पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे आपल्याकडं म्हणतात ते 'पोटाचं डायलिसिस', मी घरोघरी जाऊन शिकवते. किडनी चालत नसली की पोटात बसवलेल्या नळीतून बॅगेतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते शरीरातली घाण घेऊन ड्रेन बॅगेत बाहेर काढायचं, मग नवी बॅग. कोल्हापूर शहर, शिरोळ, पार गगनबावडा. गाव बदलतं, चुका त्याच.

गढूळ बॅग ओतून टाकणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाते. पोटातून निघालेलं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं हवं. माझी सवय अशी: ड्रेन बॅग 'पुढारी'च्या पानावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. येत नसतील तर पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग, असं धरूनच चालायचं. पोट दुखो न दुखो.

शिरोळ तालुक्यातले एक मामा होते. दोन वर्षं एकही इन्फेक्शन नाही. एका सकाळी ताकासारखं पाणी आलं. आदल्या रात्री जत्रेचं मटण झालेलं, त्यामुळं 'रस्सा बाधला' असं घरातच ठरलं आणि बॅग मोरीत ओतली. दुपारी कळा सुरू झाल्या, तर गावातच अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. मला फोन तिसऱ्या दिवशी. "सिस्टर, म्हटलं तुमास्नी कशाला तरास द्यायचा." तोवर पोट फळीसारखं कडक. पाण्यात मायक्रोलिटरला १०० च्या वर पांढऱ्या पेशी असल्या, त्यातही निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), की संसर्ग धरतात. मामांच्या हजारांत होत्या. पण कल्चरमध्ये, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवेना, कारण गोळ्या आधीच पोटात गेलेल्या. जंतू कोणता ते कळेना, मग औषध अंदाजानं. पाच दिवसांनीही पाणी निवळलं नाही, तेव्हा नळी काढावी लागली. आता ते आठवड्यातून तीनदा एसटीनं हिमोडायलिसिसला, म्हणजे मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला, येतात. माझ्याकडं बघून हसतात, मला हसू येत नाही.

तेव्हा गढूळ बॅग ओतायची नाही. क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) लावून, पिशवीत घालून, त्याच दिवशी हॉस्पिटलात आणायची. आधी सँपल, मग अँटिबायोटिक. आणि ते बहुतेक वेळा बॅगेतूनच पोटात सोडतात, त्यामुळं उरलेल्या गोळ्या शोधत बसू नका.

जोडणीची दोन मिनिटं

चार बॅगा म्हणजे दिवसाला चार जोडण्या, महिन्याला एकशेवीस. जंतू शिरतो तो बहुतेक इथंच. एका घरी मी न सांगता गेले, तर वहिनी फोन खांद्याला लावून बॅग बदलत होत्या, वर पंखा चालू. टोक चादरीला लागलं. त्यांनी त्यावर फुंकर मारली आणि लावलं! मी ओरडले तर म्हणाल्या, "बॅग वाया जाईल की ओ." जाऊ दे. बॅगेच्या टोकाला काही लागलं तर बॅग टाका. पोटाकडच्या नळीचं टोक लागलं तर क्लॅम्प बंदच ठेवून नवी मिनिकॅप (नळीच्या टोकाचं टोपण) लावा आणि लगेच फोन करा, सेट, म्हणजे नळीचा बाहेरचा जोड, बदलावा लागतो.

धुतलेले हात ओले ठेवू नका, ओल्या हातावर जंतू जास्त चिकटतात. आणि आधी फ्लश, म्हणजे नव्या बॅगेतलं थोडं पाणी थेट ड्रेन बॅगेत सोडणं, मग फिल, म्हणजे पोटात भरणं. जोडताना टोकाशी काही गेलं असेल तर ते पोटात न जाता ड्रेन बॅगेत जावं म्हणून ही पद्धत आहे. घाईत हीच पायरी गाळणारे मला कळतच नाहीत. वाचतो तो अर्धा मिनिट.

बाकीच्या चुका

पाणी बाहेर येईना म्हणून घाबरून फोन येतो. मी पहिलं विचारते, "संडासला कधी जाऊन आला?" बद्धकोष्ठानं भरलेलं आतडं नळीला दाबतं किंवा सरकवतं. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. पाण्यात पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन, म्हणजे प्रोटीनचे तंतू, डॉक्टरांना सांगा. नळी ओढायची नाही.

बॅग गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. कोरडा हीटिंग पॅड घ्या.

सूज आली की मनानंच ४.२५ टक्के साखरेची बॅग लावू नका. जास्त साखर पाणी खेचते खरी, पण रक्तातली साखर वाढवते आणि आवरणही खराब करते. आधी तांबड्या रश्श्याच्या किती वाट्या झाल्या ते आठवा.

शेजारच्या हिमोडायलिसिसवाल्याचं पथ्य उचलू नका. इथं प्रोटीन रोज पाण्यातून जातं, त्यामुळं अंड्याचा पांढरा भाग लागतोच. पोटॅशियम तर कित्येकांचं कमी पडतं.

वजनाची आणि ड्रेनची वही रविवारी एका बैठकीत भरू नका. एकच पेन आणि सातही दिवस ड्रेन २२०० मिली, हे मला दारातूनच दिसतं.

नळी असताना पंचगंगेत किंवा रंकाळ्यात उतरणं बंद.

पावसाळ्याचा साठा मेअखेरीस भरा, पंधरा दिवसांच्या साठ बॅगा जादा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हायवे बंद होता, तेव्हा बॅगांची गाडी कुठून येणार? राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेल्यावर मला फोन करून उपयोग नाही. बॉक्स जमिनीवर नको, कॉटवर किंवा माळ्यावर. आणि घर सोडायची वेळ आली तर कपड्यांच्या आधी मिनिकॅपचं पाकीट उचला. एका घरानं पन्नास बॅगा ट्रॅक्टरमधून नेल्या होत्या, मिनिकॅप राहिल्या कपाटात.