बाळाचा बाहेरचा डबा: गोव्याच्या उन्हापावसात काय भरावं, कसं भरावं

सहा महिने पुरे झाले की बाळाला वरचं अन्न सुरू होतं आणि नोकरी करणाऱ्या आईची 26 आठवड्यांची प्रसूती रजाही त्याच सुमारास संपत येते. बाळ घरी जेमतेम चार चमचे पेज खायला लागलेलं असतं, तोच पाळणाघराचा डबा भरायची वेळ येते. आजोळी जायचं असो, डोस द्यायला न्यायचं असो की जत्रेला, अडचण तीच: घरी वाटीत ताजं कालवलेलं अन्न चार तासांनी दुसरीकडे भरवायचं कसं?

गोव्यात बहुतेक महिने दुपारी पारा 30 ते 33 अंशांवर असतो आणि हवा दमट. अन्नातले जंतू 5 ते 60 अंशांच्या दरम्यान भराभर वाढतात. म्हणून डबा घरातून निघताना एकतर वाफाळता असावा, नाहीतर थंडगार. कोमट अन्न फक्त बाळाच्या वाटीत शोभतं, डब्यात नाही. सकाळी सातची खिचडी निववून साध्या स्टीलच्या डब्यात भरली आणि साडेअकराला भरवली, तर वासाला-चवीला काहीच कळत नाही, बाळाचं पोट मात्र संध्याकाळी बिघडतं. साध्या डब्यातलं शिजवलेलं अन्न 2 तासांत संपवायचं. पारा 32 च्या वर असेल तर 1 तासात. ‘परत गरम करून घालू’ हा उपायही चालत नाही. भातात वाढणाऱ्या एका जंतूचं विष एकदा तयार झालं की ते उकळूनसुद्धा जात नाही.

थर्मॉस

रुंद तोंडाचा, आतून स्टीलचा, 200 ते 250 मिलीचा थर्मॉस घ्या. मोठा घेऊ नका. सहा-आठ महिन्यांचं बाळ एका वेळी फार तर अर्धा कप, म्हणजे साधारण 125 मिली खातं. मोठा थर्मॉस अर्धा रिकामा राहतो आणि आतलं अन्न लवकर निवतं.

आधी उकळतं पाणी गळ्यापर्यंत भरून, झाकण लावून 10 मिनिटं ठेवा. तोवर गॅसवर खिचडीला पुन्हा खळखळून उकळी आणा. पाणी ओतून टाका आणि त्याच मिनिटाला खिचडी काठोकाठ भरून झाकण घट्ट करा. भरण्याआधी ‘बाळाला भाजेल’ म्हणून निववायची नाही. निववायचं ते भरवताना, वाटीत काढून.

नवा थर्मॉस बाळाच्या जेवणासाठी वापरण्याआधी एकदा तपासून घ्या. उकळतं पाणी भरा, डबा जितका वेळ बंद राहणार आहे तितका वेळ ठेवा आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजा. 60 अंशांच्या वर असेल तर चांगला. खाली उतरलं तर त्या वेळेसाठी तो थर्मॉस कामाचा नाही, मग तो कितीही महागाचा असो. रोजच्या वापरात खूण सोपी आहे: झाकण उघडल्यावर वाफ यायला हवी. वाफ नसेल, बोट सहज ठेवता येत असेल, तर ते अन्न टाकून द्या.

खिचडी आणि पेज

एका डब्याला: 2 मोठे चमचे तांदूळ, 1 मोठा चमचा मूगडाळ, बोटाच्या दोन पेरांएवढा तांबड्या भोपळ्याचा तुकडा, सव्वा कप पाणी. तांदूळ-डाळ धुऊन अर्धा तास भिजवा, कुकरमध्ये भांड्यात ठेवून पाच शिट्ट्या द्या, रवीने घोटा, 1 छोटा चमचा तूप घाला. मीठ एक वर्षापर्यंत नाही. घरच्यांच्या पेजेतून बाळाची काढायची असेल तर मीठ पडायच्या आधी काढा.

थर्मॉसमध्ये भात पाणी पीत राहतो. सकाळी चमच्यावरून ओघळणारी खिचडी दुपारी गोळा होते, आणि पाळणाघरातली ताई मग तिच्यात नळाचं पाणी घालते. ते टाळायला भरताना खिचडी थोडी सैल ठेवा आणि उकळून निववलेलं 50 मिली पाणी छोट्या बाटलीत सोबत द्या.

उकड्या तांदळाची पेज बाळाला चांगली मानवते, पण त्याची शितं जाड. दोन-तीन तास भिजवा, शिट्ट्या दुप्पट द्या आणि शितं पूर्ण घोटून घ्या. इथे घरोघरी एक गोष्ट होते: ‘हलकं असतं’ म्हणून बाळाला पेजेची नुसती निवळ पाजतात. त्या पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि अंगी काहीच लागत नाही. अन्न चमचा तिरका केला तरी लगेच सांडणार नाही इतकं दाट हवं. पातळ डबा भरण्यात बाळाची दोन घासांची भूक वाया जाते, म्हणून या बाबतीत आजीशी प्रेमाने पण ठामपणे बोलावं लागलं तरी बोला.

सहा महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सरत येतो. नुसत्या भात-भोपळ्याने तो भरून निघत नाही. आठवड्यातून काही वेळा खिचडीत तांबड्या भाजीची म्हणजे लाल माठाची पानं (देठ नकोत) शिजवून घोटा, अंड्याचा पिवळा बलक घाला किंवा मासा. भरवताना वाटीत लिंबाचे चार थेंब पिळले तर डाळ-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र नकोच. चहा हेच लोह अडवून धरतो.

नारळ डब्यात नको

घरी खाताना नारळाचा रस बाळाला चालतो. डब्यात तो घालू नका. खोबरं ओलं आणि तेलकट, त्यामुळे आपल्या हवेत सगळ्यात आधी तेच आंबतं. नारळ घातलेली भाजी दुपारपर्यंत कशी होते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. बाळाच्या डब्यात स्निग्धपणासाठी तूप घाला किंवा खोबरेल तेलाचा अर्धा छोटा चमचा.

नाचणीचं तिझान, म्हणजे नाचणीची लापशी, डब्याला उत्तम, फक्त नारळाशिवाय आणि गुळाशिवाय. 2 मोठे चमचे नाचणीचं सत्त्व 200 मिली पाण्यात गार असतानाच कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा, रंग गडद आणि चमकदार झाला की झालं. एक खजूर भिजवून, वाटून, गाळून घातला की गोडी येते. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटावर चाटवायलाही नाही. त्यातल्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो.

मासे

मुडदुशी इथे बाळाला आणि आजारी माणसाला देतात ती उगाच नाही: मांस मऊ, चव सौम्य. पण काटा बारीक असतो. आठ-दहा मिनिटं वाफवा, कातडी काढा, मांस गडद रंगाच्या ताटलीत पसरा (पांढऱ्या ताटलीत काटा दिसत नाही) आणि चिमूट-चिमूट करून अंगठा व तर्जनीमध्ये चोळत पुढे सरका. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटांना लागतो. ताटलीतलं सगळं मांस असं दोनदा बोटांखालून गेलं की पेजेत घालून एक उकळी द्या आणि थेट थर्मॉसमध्ये भरा. तारली आणि बांगडा डब्यासाठी टाळा, घाईच्या सकाळी त्यांचे काटे निघत नाहीत. मोरी (शार्क) बाळाला देऊच नका, त्यात पारा जास्त असतो. मासा साध्या डब्यात कधीही न्यायचा नाही, अर्ध्या तासासाठीही नाही.

मासा, अंडं, शेंगदाण्याची किंवा काजूची पूड, कोळंबी, यातलं काहीही पहिल्यांदा द्यायचं ते घरीच, सकाळी, एका वेळी एकच, पाव चमचा. दोन-तीन वेळा नीट पचल्यावरच ते डब्यात जाईल. अंगावर गांध्या, पुन्हा पुन्हा उलटी, ओठ सुजणं, श्वासाला घरघर असं काही दिसलं तर 108 ला फोन करून थेट इस्पितळ गाठा.

न शिजवता नेण्याजोगं

केळं सालीसकट न्या आणि भरवतानाच कुस्करा. लहान रसबाळी एका वेळेला पुरतात. मोयऱ्याचं केळं मोठं आणि घट्ट. ते पूर्ण पिकलेलं घ्या किंवा वाफवून द्या. पपई, चिकू, मानकुराद आंबा हे कापून न्यायचे तर थंड पिशवीत: रात्रभर गोठवलेले दोन आईसपॅक, मधे डबा, वर जाड टॉवेल. दहीभातही याच पिशवीत. गरम थर्मॉस या पिशवीत टाकू नका, दोघांचंही काम बिघडतं. काढून ठेवलेलं आईचं दूध न्यायचं असेल तर तेही बर्फाला टेकवूनच. खोलीत 4 तास टिकतं असं म्हणतात ते 25 अंशांच्या खोलीत.

लांबच्या प्रवासाला पोह्यांची पूड सोबत ठेवा. मडगावहून कोकण रेल्वेने मुंबईला निघालात तर एका थर्मॉसने भागत नाही. 4 वाट्या पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजा, 1 वाटी डाळं (भाजून सोललेले चणे) शेकवा, थंड करून बारीक दळा आणि चाळा. भरवताना 3 मोठे चमचे पुडीवर घरून थर्मॉसमध्ये नेलेलं कडकडीत पाणी 100 मिली ओता, झाकून 5 मिनिटं ठेवा, केळं कुस्करून घाला. पावसात ही पूड सादळते, म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्यापुरतीच करा आणि कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा.

नऊ महिन्यांनंतर बाळ हाताने खायला बघतं. तेव्हा वाफवलेल्या रताळ्याचे बोटाएवढे लांब तुकडे, इडलीचे तुकडे द्या. दोन बोटांत दाबल्यावर चिरडला पाहिजे इतका तुकडा मऊ हवा. अख्खे काजू, शेंगदाणे, चणे, द्राक्षं, खोबऱ्याचे तुकडे, कच्चं गाजर हे घशात अडकतात. काजूच्या राज्यात पाहुणे प्रेमाने बाळाच्या मुठीत काजू देतात. तिथे नजर ठेवा. अख्खा सुका मेवा पाच वर्षांपर्यंत नको.

पाळणाघरात देताना

डबा चांगला भरूनही घोटाळा होतो तो बहुतेक वेळा चमच्यामुळे. बाळाच्या तोंडातला चमचा थर्मॉसमध्ये बुडाला की लाळ आत जाते. लाळेने पेज पाण्यासारखी सुटते आणि जंतूही वाढतात. म्हणून दोन चमचे द्या, एक काढायचा, एक भरवायचा, आणि डब्याला चिठ्ठी लावा:

‘ताई, खिचडी 7.45 ला उकळती भरली आहे. 11.45 पर्यंत भरवा. मोठ्या चमच्याने वाटीत काढून थर्मॉस लगेच बंद करा. वाटीत निववून, मनगटावर लावून बघून मग भरवा. उरलेलं टाकून द्या, परत गरम करू नका.’

मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावला तर तो गरम वाटता कामा नये. डब्यात उरलेलं अन्न घरी आणून संध्याकाळी भरवणं म्हणजे सकाळची सगळी मेहनत पाण्यात.

चालत्या बसमध्ये, स्कूटरवर किंवा गाडीत आडवं धरून भरवू नका, धक्क्याने घास श्वासनलिकेत जातो. कदंबाच्या बसमधून उतरा, स्टँडवरच्या बाकावर बसा, बाळाला ताठ मांडीवर घ्या, मग डबा उघडा. स्कूटरच्या डिकीत डबा ठेवण्याची सवयही सोडा. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी तापते, त्यात आईसपॅक लवकर वितळतात आणि साधा डबा जंतूंना हवा तितका उबदार होतो.

डबा भरलेलाच परत आला तर

लगेच पदार्थ बदलू नका. आधी ताईंना विचारा की डब्याच्या आधी दूध किती वाजता दिलं; जेवणाच्या तासभर आधी दूध झालं असेल तर भूक कुठून येणार. मग त्याच वेळेला, तितकाच वेळ थर्मॉसमध्ये ठेवलेली खिचडी घरी स्वतः चाखून बघा. बहुतेकदा ती चिकट गोळा झालेली असते. नाहीतर वास येतो, आणि तो येतो झाकणातल्या रबरी रिंगमधून. रिंग रोज सुरीच्या बोथट टोकाने काढून, साबणाने घासून, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं उकळून वाळवायची. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा ती फडक्याने कोरडी करून पंख्याखाली ठेवा आणि थर्मॉस रात्रभर झाकण न लावता उपडा ठेवा. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. रिंग घासत बसू नका, नवी घ्या.