जेटमधून उजेड दिसला, तरीही

मासेमारी बंदी उठायच्या आठवड्यात मालवणातल्या कुठल्याही ओबीएमच्या (आउटबोर्ड मोटर, होडीच्या मागे टांगायचं इंजिन) मेकॅनिककडे जाऊन बसा. येणाऱ्या दहातल्या सात जणांची तक्रार एकच असते, "मे महिन्यात बरी होती, आता रेस घेत नाय." १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस इंजिन माडाखाली ताडपत्रीत गुंडाळलेलं आणि कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) वाटीत जुनं पेट्रोल तसंच. पेट्रोल उडून जातं, मागे उरतो ऑइल आणि राळेसारखा तपकिरी चिकटा.

मी या धंद्यात आलो तो मोटरसायकलचे कार्बोरेटर खोलून हात बसल्यावर, त्यामुळे थोडा माज होता. आउटबोर्ड म्हणजे उलटी टांगलेली मोटरसायकल, एवढीच समज. पहिलंच मोठं काम आलं ते माझ्यापेक्षा वयाने मोठ्या यामाहाचं. टू-स्ट्रोक, तीन सिलिंडर, तीन कार्बोरेटर. मालक पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारा, सीझन तोंडावर.

खोलण्याबद्दल फार सांगत नाही, मोटरसायकलवर हात बसला असेल तर तुम्हाला येतं. दोनच गोष्टी. जपानी इंजिनाच्या फुलीच्या स्क्रूला साधा स्टार पेचकस लावू नका. त्या स्क्रूची खाच वेगळी असते, साधा पेचकस वर उसळतो आणि खाऱ्या पाण्याने आधीच चिकटलेल्या स्क्रूचं डोकं गोल करतो. जपानी मापाचा पेचकस वेगळा मिळतो, तो घ्या. दुसरं, आयडलचा (रेस न देता इंजिन चालतं त्याचा) स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत बंद करत फेरे मोजा आणि कागदावर लिहा. मोबाइलमध्ये नको, हात पेट्रोलचे असतात. आवळून बंद केलात तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि मग ते सेटिंग कधीच बसत नाही.

आता जिथे मी आपटलो ते.

मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढला, क्लीनरमध्ये बुडवला, फुंकर मारली, उजेडाकडे धरला. गोल स्वच्छ भोक दिसलं. तिन्हींचं तसंच. बसवले, पाण्याच्या पिंपात इंजिन लावलं, दुसऱ्या ओढीला चालू. आयडल इतका सुरेख की मालक हसला. पैसे घेतले.

दोन दिवसांनी तो देवबागच्या संगमाकडून येत होता, फुल थ्रॉटलवर. सांगत होता की बंद पडायच्या आधी इंजिन "कधी नव्हता असा मोकळा" पळत होतं. मग आवाज दबला आणि खलास. ओहोटी लागलेली, दोन माणसं वल्ही मारत तासाभराने किनाऱ्याला लागली. खोललं तर मधल्या पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासलेलं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवेपर्यंत त्याचे तीन आठवडे गेले. माझ्या बाजूने किती गेले ते सांगत नाही.

झालं काय होतं? भोकाच्या आतल्या भिंतीला चिकट्याची बारीक कडी तशीच होती. उजेड त्या कडीच्या आतूनही येतो, आणि भोक गोलच दिसतं! हिशेब करा. १.५ मिमीचं भोक १.३ चं झालं तर व्यास फक्त ०.२ ने कमी, पण क्षेत्रफळ जवळपास पाव भागाने कमी. म्हणजे त्या सिलिंडरला पाव पेट्रोल कमी. आणि या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलात मिसळूनच येतं, म्हणजे ऑइलही पाव कमी. वर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाल्याने उष्णता वाढलेली. गरम जास्त, वंगण कमी, आणि मरण्याआधी आवाज मात्र गोड.

मग पिंपात का कळलं नाही? कारण आयडलला मेन जेट कामच करत नाही. आयडलचा रस्ता वेगळा, त्याचा जेट वेगळा. मी ज्या जेटची परीक्षा घेतली तो पास झाला, ज्याने पिस्टन मारला त्याला मी प्रश्नच विचारला नव्हता. हे पुन्हा वाचा. पिंपात इंजिन मस्त चाललं याचा अर्थ फक्त एवढाच की ते पिंपात मस्त चालतं. ज्या मामांकडे मी नंतर शिकलो ते ऐकून एवढंच म्हणाले, "मेल्या, दर्यात काय पीप घेवन जातलंस?"

आता जेट क्लीनरमधून काढला की विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार घेतो, भोकाच्या भिंतीला टेकवून गोल फिरवतो, मग हवा मारतो. तांबं पितळेपेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. सुई, ड्रिल, गिटारची तार यांतलं काही नको, भोक मोठं झालं की जेट भंगारात. मग भिंगातून पाहतो, आणि नवा जेट शेजारी ठेवून पाहतो. शंका आली तर नवाच टाकतो. पिस्टनच्या पुढे जेटची किंमत काहीच नाही.

टाकीत क्लीनरची बाटली ओता आणि कार्बोरेटर न खोलता साफ करा, असे व्हिडिओ बघू नका. वाळलेला चिकटा त्याने जात नाही, थोडा सुटतो आणि पुढच्या भोकात जाऊन बसतो. आणि गुरू निवडायचा तर ओरडणारा निवडा. गोड बोलून जेटचे नंबर तोंडपाठ म्हणून दाखवणारे मी पाहिलेत, त्यांच्याकडे वर्षभर फक्त बोल्ट पुसाल.

घाबरू नका मात्र. बाकी काम सोपं आहे. वाटीत तरंगणारा फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरलंय का ऐका, त्याची सुई आणि ती बसते ती सीट नवीन टाका, गास्केट जुनं परत लावू नका (तिथून हवा ओढली की पुन्हा तेच पातळ मिश्रण). जुने रबर इथेनॉलच्या पेट्रोलने फुगतात, ते सगळे बदला. तिन्ही कार्बोरेटरचे भाग तीन वेगळ्या डब्यांत, कारण काही इंजिनांत तिन्हींचे जेट एकाच नंबरचे नसतात. तिन्ही थ्रॉटलच्या चकत्या एकाच क्षणी उघडतात ना, तेवढं बोटाने लिंक हलवत बघा. पहिल्यांदा मला चार दिवस लागले, आता दुपारी होतं.

खरी चाचणी पाण्यावरच. इंजिन गरम झाल्यावर फुल थ्रॉटलवर एक-दोन मिनिटं, मग आयडलवर न आणता थेट किल स्विचची (इंजिन बंद करणारा) दोरी ओढा आणि तिथेच स्पार्क प्लग काढा. तिन्ही बिस्किटाच्या रंगाचे हवेत. एक जरी पांढराफटक निघाला तर पुन्हा चालू करू नका, ओढून आणा. आणि जाताना वल्ही घ्या. निघायचं ते भरती लागताना, म्हणजे बंद पडलीच तर पाणी तुम्हाला खाडीत आत आणतं.