कापसाचे व्यापार धोरण कसे तपासावे

कापूस धोरण तपासताना प्रथम भाव नेमका कशाचा आहे ते पाहावे. आंतरराष्ट्रीय भाव रुईचा असतो, तर शेतकरी सरकीसह कापूस विकतो आणि त्यातून वजनाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश एवढीच रुई निघते, त्यामुळे हिशेब जुळवल्याशिवाय दोन्ही भावांची तुलना करू नये.

त्यानंतर श्रीमंत देशांची अनुदाने पाहावीत, कारण माझ्या मते मोठा अन्याय तिथेच आहे. अमेरिकेच्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ मध्ये अपिलातही निर्णय ब्राझीलच्या बाजूने लागला, तरी अंतिम तडजोडीला २०१४ साल उजाडले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी हाच प्रश्न २००३ मध्ये मांडला, पण प्रत्युत्तरादाखल अमेरिकी मालावर आयात शुल्क लावण्याचे ब्राझीलसारखे बळ या गरीब देशांकडे नव्हते. म्हणून निर्णय आणि त्याची अंमलबजावणी यांच्या तारखा वेगवेगळ्या नोंदवाव्यात.

निर्यातबंदीच्या बाबतीत ती वेचणीच्या हंगामात लागू झाली का, हे अवश्य पाहावे, कारण साठवणुकीची सोय नसलेल्या शेतकऱ्याला तेव्हा पडेल त्या भावाने माल विकावा लागतो.